शेजारच्या दारातलं गवत

आमच्या शेजारच्या घरापुढे, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना गवताचे ठोंब होते. ऑक्टोबरात त्यांना गुलाबी तुरे यायचे, इतके बारीक की लांबून धुरासारखे दिसावेत. नोव्हेंबर लागला की रंग उडायचा आणि वाळकं पिवळं गवत उभं राहायचं. ओहायोत राहायला आल्यापासून मी ते रोज ऑफिसला जाताना बघत होते. त्याबद्दल कधी कुणाला काही विचारलं नव्हतं.

त्या वर्षी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. आई म्हणजे आयुष्यभर गवत कापलेली बाई. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर डोंगर आहे. दसरा झाला की ती विळा घेऊन तिथे जायची आणि भारे बांधून गोठेवाल्यांना विकायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि माझी फी त्या भाऱ्यांतून आली. म्हणून नर्सरीत कुंडीतलं गवत विकायला ठेवलेलं पाहून ती थबकली, तेव्हा मला हसू आलं नाही. नवऱ्याला आलं.

"इथं शोभेसाठी लावतात, आई," तो म्हणाला.

"गुरं खात नाहीत?"

"गुरं कुठली? नुसतं बघायचं."

"आधी सांगायचं होतंत, जावईबापू. मी भारे विकण्यापेक्षा डोंगराला तिकीट लावलं असतं."

शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत. आई त्यांना 'बाबा' म्हणायची. भाषा नसल्यामुळे दोघं कुंपणापाशी एकमेकांना नुसता हात करत. दिवाळीच्या थोडं आधी ते पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना हॉस्पिटलात नेलं. घर अंधारात राहिलं.

आमच्या गावी, आळीत कुणाकडे आजारपण असलं की दिवाळीला शेजारच्या बाया त्यांचंही अंगण झाडतात, सडा घालतात, उंबऱ्याशी पणती ठेवतात. त्यासाठी कुणी परवानगी विचारत नाही आणि त्याचे आभारही मानत नाही. धनत्रयोदशीला मी ऑफिसातून आले, तर माझं जुनं जाकीट साडीवर चढवून आई शेजारच्या पायऱ्यांवर पणती लावत होती. अंगण लख्ख झालं होतं. पानं पिशव्यांत भरून कडेला ठेवली होती, ती नगरपालिकेची गाडी घेऊनही गेली होती. आणि गवत जमिनीलगत कापलेलं होतं. आमच्या गॅरेजमधली झुडपं छाटायची कात्री तिने वापरली होती. कापलेल्या गवताचा नीट आवळलेला भारा आमच्या भिंतीला टेकून उभा होता.

"कसं मोकळं वाटतंय बघ," ती म्हणाली. "मघापर्यंत मढं उठलेल्या घरासारखं दिसत होतं."

बाबा वॉकर घेऊन परतले तेव्हा आई त्यांच्यासाठी शिरा घेऊन माझ्याबरोबर गेली. ते दारात न जाता पायऱ्यांपाशीच उभे होते. खाली बघत होते.

"हे कुणी केलं?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. दिवाळीचंही सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग हळू आवाजात बोलले. त्यांची बायको दक्षिणेकडची, कॅरोलिनाची. लग्नानंतर इथे आली तेव्हा वडिलांच्या अंगणातलं हे गवत मुळांसकट घेऊन आली. तिकडे ते आपोआप वाढतं, इथली थंडी त्याला सोसत नाही. म्हणून ती वाळलेल्या काड्या कधी कापायची नाही. सुतळीने सैल बांधून उभ्या ठेवायची, म्हणजे पाणी बाहेरून निथळून जातं, बुंध्यात मुरत नाही. भोवती सुकी पानं लोटायची. कापायचं ते वसंतात, थंडी गेल्यावर. ती गेल्यापासून हे सगळं ते करत होते.

"वाळलेलं गवत हाच त्याचा कोट असतो," ते म्हणाले. मग आईकडे बघून, "तिला सांगा, तिने चांगल्या मनाने केलं, मला कळतं."

"काय म्हणतात गं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आईने शिऱ्याचा डबा दोन्ही हातांनी धरला होता. "तिच्या माहेरचं होतं?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्या गवताची उस्तवार सुरू केली. आमच्या अंगणातली उरलीसुरली पानं नेऊन लावली. बासमतीच्या तागाच्या पिशव्या उसवून ठोंबांवर पांघरल्या, वर दगड ठेवले. रोज सकाळी चहाच्या आधी ती पिशवीचं टोक उचलून बघायची.

"गवत मरत नाही," ती मला सांगायची. "वणव्यात डोंगर काळाठिक्कर झालेला मी बघितलाय. पाऊस पडला की त्याच काळ्यातून हिरवं वर येतं."

"तिथं थंडी नसते, आई."

"थंडी आगीपेक्षा वाईट असते का?"

जानेवारीत बर्फ पडलं, त्याचं काही वाटलं नाही. पण मग ते वितळलं, वर पाऊस झाला आणि त्या ओल्यावर पुन्हा गोठलं. पिशव्या पत्र्यासारख्या कडक झाल्या. त्या सकाळी आईला टोक उचलता आलं नाही. खिडकीतून बाबा बघत होते. तिने हात केला, त्यांनीही केला.

एप्रिलमध्ये तिची राहण्याची मुदत संपली. तोवर सुपरमार्केटच्या पार्किंगमधलं सगळं शोभेचं गवत हिरवं झालं होतं. ते याच थंडीतलं, त्याला काही होत नाही. एअरपोर्टवर जाताना आईने गाडी थांबवायला लावली आणि उतरून ठोंब बघून आली.

"अजून नाही," ती म्हणाली. "फोनवर सांगशील."

बाबा मला म्हणाले, "हे गवत उशिरा उठतं. माझी बायको जूनपर्यंत वाट बघायची." म्हणून आम्हीही बघितली. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आलं का?"

जूनमध्ये एका शनिवारी बाबांनी मला बोलावलं. हातात फावडं होतं, पण त्यांना वाकता येत नव्हतं. मी वरच्या काड्या धरून ओढल्या, तर फावड्याची गरजच पडली नाही. ठोंब हातात आला. बुंधा काळा, मऊ, ओल्या पोत्यासारख्या वासाचा. दुसऱ्या बाजूचाही तसाच. मी कडेकडेने बोटांनी चाचपून बघितलं. एकही पांढरं मूळ नव्हतं.

"पिशव्यांनी पाणी धरून ठेवलं," ते म्हणाले. "त्या पांघरायला नको होत्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही? मी काढल्या असत्या."

त्यांनी फावडं माझ्याकडे दिलं. "कापलं तेव्हाच ते बहुतेक गेलं होतं. आणि ती रोज सकाळी येत होती. दुसरं कुणी त्याला बघायला येत नव्हतं."

मग म्हणाले, खड्डे बुजवून टाक, कुणाचा तरी पाय जाईल. मी बुजवले. माती पायाने दाबत होते तोवर ते उभे राहिले, मग वॉकर वळवून आत गेले.

रविवारी आईचा फोन आला.

"आलं का?"

"नाही, आई. काल काढून टाकलं."

"मधलं गेलं की कडेचंही?"

"सगळं."

"बाबा काय म्हणाले?"

"तुझी आठवण काढली," मी म्हटलं. पिशव्यांचं बोलले नाही.

पलीकडे तिने अंगणातल्या कोंबड्यांना हाकललं.

"खोटं सांगायचं होतंस गं," आई म्हणाली. "मला इथून काय दिसणार होतं?"