गुणाजी परबांचा गरम फ्रिज

नाहूरला आमच्या शेजारी गुणाजी परब राहायचे. संपात गिरणी गेली आणि ते भांडुपच्या एका कंपनीत स्टोअरकीपर झाले. विजेनं एक काम केलं की तिच्याकडून दुसरंही करून घ्यायचं, हा त्यांचा बाणा. टीव्ही लागला की त्याच्या डोक्यावर विरजणाचं भांडं. रविवारचा सिनेमा सगळी चाळ बघायची, दही लागायचं परबांचं. इस्त्री बंद केली की तिला उलटी करून उरल्या उबेवर पापड. त्यांच्या शर्टाला कायम उडदाचा वास.

"अरे, वीज जाता खंय?" ते मला समजवायचे. "बल्बात उजेड, पंख्यात वारा, पण शेवटी सगळ्याची गर्मीच. ती फुकट कशाला सोडायची?"

शहाऐंशी साली फ्रिज आला. बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल असा. त्याच्या पाठीची काळी जाळी गरम लागते म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यावर बनियन आलं. परबांच्या बायकोच्या, मालनवहिनींच्या थोरल्या बहीण विमलाताई मानखुर्दहून फ्रिज बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मालन, बनियन वाळवायला केवढं गं कपाट घेतलंत."

हे वहिनींना लागलं. मे महिन्यात त्यांनी ताईला मुद्दाम जेवायला बोलावलं आणि आदल्या दिवशीच हापूसचं आइस्क्रीम बर्फाच्या कप्प्यात लावलं. "सुरीनं कापून वाढणार," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

विमलाताई आल्या त्या घामानं निथळत. व्होल्टेज कमी, पंखा फिरायचा म्हणून फिरत होता. वहिनी आत पुऱ्या तळत होत्या.

"ताई, थांबा, हवा देतो," परब म्हणाले. त्यांनी खिडक्या लावल्या, फ्रिज सताड उघडला, बर्फाच्या कप्प्याचं झाकणही उघडलं, आणि मलाही हाक मारली. आम्ही तिघं फ्रिजपुढे बसलो. पायांना झकास वाटलं. मोटार गुरगुरत राहिली, आणि अर्ध्या तासात खोलीची भट्टी झाली.

"भावोजी, पाय महाबळेश्वरात आणि डोकं मानखुर्दातच राहिलंय माझं," विमलाताई म्हणाल्या.

तेवढ्यात वहिनी सुरी घेऊन आल्या. आइस्क्रीमचं भांडं काढलं. ते डुचमळलं. वहिनी भांड्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे.

परबांचा हात जाळीवर होता. "असं होय. हा आतली गर्मी उचलून मागून खोलीतच टाकतो. वर मोटारीची वेगळी."

"म्हणजे मी मघापासून आइस्क्रीमच्या गर्मीत शिजतेय?"

"एकट्या आइस्क्रीमच्या नाही हो ताई. दुधाची आहे, कोथिंबिरीची आहे..."

"अहो, गप्प बसा," वहिनी म्हणाल्या.

वाट्या आत गेल्या, पेले बाहेर आले. विमलाताईंनी दोन पेले प्यायले आणि तिसरा नको नको म्हणत घेतला. वहिनींची मान काही वर होईना. निघताना ताईंनी जाळीवरून स्वतःचा रुमाल ओढला. कधी टाकला होता कोण जाणे.

"कडकडीत वाळला गं," त्या म्हणाल्या. "चांगलाय फ्रिज तुझा."

फ्रिजला कुलूप कशाला देतात, हे मला तोवर कळलं नव्हतं. त्या दिवसापासून किल्ली वहिनींच्या बांगडीला सेफ्टी पिनेनं लटकू लागली. जाळी मात्र परबांकडेच राहिली.