सीलचा नंबर

उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास आला की नोएडापलीकडचा तो कंटेनर डेपो आठवतो. पाडवा होता, पण दिल्लीकडे त्याची सुट्टी कुठली. मुंबईच्या बंदरातून आलेल्या एका कंटेनरच्या दारावरच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळेना. अशा वेळी खात्री होईपर्यंत दार उघडायचं नाही आणि ज्याच्या लक्षात आलं त्याने तिथून हलायचं नाही, असा नियम. सगळे जेवायला गेले. मी कंटेनरच्या सावलीत बसून बंदरातल्या ऑफिसला फोन लावला आणि हिंदीत नंबर वाचू लागले. माझ्या हिंदीवरूनच ओळखून पलीकडचे अनोळखी गृहस्थ म्हणाले, "मराठी ना तुम्ही? मग मराठीतच सांगा की." "अठ्ठेचाळीस... एकोणसत्तर," मी अडखळत म्हटलं, कित्येक महिन्यांत हे आकडे तोंडात आले नव्हते. "अठ्ठेचाळीस, एकोणसत्तर. बरोबर आहे. तपासणीनंतर आम्हीच नवं सील लावलंय, तसा मेल करतो. दार उघडताना बाजूला उभ्या राहा, माल सरकलेला असतो." मग म्हणाले, "श्रीखंड केलं का?" "केलं ना," मी म्हटलं. खोलीवर साखरसुद्धा नव्हती. नंबर लिहून झाला होता, तरी मी त्यांना तो पुन्हा एकदा सांगायला लावला. आता सील स्क्रीनवर आपोआप जुळतं, कुणाला फोन करावा लागत नाही.