तात्यांचा नंबर एकेचाळीस

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. आमच्या ऑफिसात प्रिंटरच्या मागं छापलेला कागद आपोआप घडी होऊन साठायचा, तसेच हे साठले. नव्वदच्या दशकात बारामतीत, एसटी स्टँडजवळ, हारफुलांच्या दुकानाच्या वर आमची कॉम्प्युटर कंपनी होती. कंपनी म्हणजे माणसं किती? चार! खराडे साहेब, मशीन दुरुस्त करणारा बापू, गावोगावच्या संस्थांच्या याद्या सांभाळणारी शोभा आणि प्रोग्रॅम लिहिणारा मी.

एकदा साहेब पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना छापील फॉर्म घेऊन आले. दोनच रकाने. ‘कंपनीत काय आवडतं?’ आणि ‘काय आवडत नाही?’ मोठ्या कंपन्यांत म्हणे असं भरून घेतात.

बापूनं पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘एसी’. दुसऱ्यात लिहिलं, ‘साहेब’. तेवढ्यात त्याला कळलं, साहेब मागंच उभे आहेत. पठ्ठ्यानं पेन न उचलता पुढं लिहिलं, ‘लवकर घरी जातात, करमत नाही’!

शोभानं मात्र फॉर्म कोराच ठेवला. “भरून काय करू? दिवाळीनंतर मी हितं असंन का नसंन.”

ती इंदापूर तालुक्यातली. घर पूर्वी मेंढरं राखणारं, आता शेती करणारं. दहावीच्या पुढं गेलेली ही एकटीच. तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, बजावलं होतं, “येकदा येऊन बघतो काय काम करतीस ते. न्हाय पटलं तर गपगुमान घरी.” ती जाऊ नये म्हणून आम्ही तिघं देव पाण्यात ठेवून बसलो! कारण खरं सांगायचं तर ऑफिसात काम ती एकटीच करायची.

*

आता एसीचं सांगतो. मशीनच्या खोलीत एसी होता, म्हणून तिथं चपला बाहेर काढून जायचं असा साहेबांचा कडक नियम. मे महिन्यात खालचा फुलवाला वर आला. “साहेब, मोठ्या लग्नाचे चोवीस हार हायत. उन्हानं माना टाकत्यात. तुमच्या गारव्यात ठेवू का?”

साहेब भिडस्त. ठेवले!

नेमका त्याच दुपारी एका संस्थेचा सेक्रेटरी तणतणत आला. त्याची यादी महिनाभर रखडली होती. दार उघडलं तर कपाटावर हार, प्रिंटरवर हार, खुर्चीवर हार. गडी एकदम विरघळला. “आवो, एवढं कशाला केलंत माझ्यासाठी?”

साहेबांनी क्षणभरही न दवडता एक हार उचलला आणि त्याच्या गळ्यात घातला. भांडण तिथंच मिटलं. संध्याकाळी लग्नात तेवीसच हार पोचले आणि नवरदेवाचा मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसला!

*

माझं लग्न जमत नव्हतं ते या नोकरीपायी. सोमेश्वरनगरजवळ मुलगी बघायला गेलो. मुलीच्या चुलत्यानं विचारलं, “दिसभर काय करता?”

“खुर्चीवर बसून काम असतं.”

“आन?”

“टाइप करतो.”

चुलता आत बघून ओरडला, “आरं, टायपिंग तर आपल्या पोरीलाबी येतंय! मग ह्यो कशाला पायजे?”

पोहे तसेच ठेवून उठलो. फार लागलं मनाला. फॉर्मच्या दुसऱ्या रकान्यात मी ‘चुलता’ असंच लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं.

*

खंडेनवमीला इंदापूरकडच्या एका उपसा सिंचन संस्थेनं कॉम्प्युटरची पूजा केली. नदीचं पाणी उपसून शेताला देणारी संस्था. कुणाला पाणी कधी, त्या पाळीची यादी आमचा प्रोग्रॅम काढायचा. दसरा होऊन आठ दिवस झाले तरी मशीन बंदच! बापू मोपेडवरून तिथं पोचला. बघतो तर कीबोर्डवर झेंडूची वाळकी फुलं, हळदकुंकू, सुपारी.

“अहो, पूजा उचला की!”

कारकून म्हणाला, “मांडली चेअरमननं. उचलायची बी त्यांनीच. ते मुंबईला गेल्यात.”

“कधी येणार?”

“त्यांना कोन इचारणार?”

बापूनं चेअरमनच्या खुर्चीला नमस्कार केला, “माफी असावी आण्णा,” म्हणाला आणि फुलं उचलली. कारकून भिऊन तोपर्यंत रस्त्यावर पोचला होता.

*

तर, दिवाळीच्या आधी एके दिवशी तात्या आले. पटका, धोतर, हातात पिशवी. चपला बाहेर काढून मशीनच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसले आणि लेकीकडं टक लावून बघत राहिले. त्या सिंचन संस्थेकडं प्रिंटर नव्हता, म्हणून शोभा त्यांची यादी छापायच्या तयारीत होती.

तेवढ्यात दारात कोण? खुद्द चेअरमन! तात्या चटकन उठून उभे राहिले. पाण्याच्या पाळीसाठी या माणसाच्या अंगणात त्यांनी कितीतरी दुपारी उन्हात काढल्या होत्या.

“शोभाबाई, आमच्या मेव्हण्याचं नाव जरा वर घ्या.”

“आण्णा, आधी चपला बाहेर काढा.”

चेअरमननी मुकाट्यानं चपला काढल्या. दुसरी खुर्चीही नव्हती, म्हणून उभेच राहिले.

“नावं नोंदणीच्या नंबरानंच येत्यात, आण्णा. मधी घालता येत न्हाय.”

“दाबा की बटन!”

“तसलं बटनच न्हाय.”

चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. “काय वो, न्हाय?”

प्रोग्रॅम माझा. बटन होतं. मी उगाच प्रिंटरवरची धूळ पुसायला लागलो. “नाही, आण्णा,” मी म्हणालो. ते धुसफुसत गेले.

तात्या हळूच शोभाजवळ आले. “माजा कितवा नंबर हाय गं?”

“एकेचाळीस.”

“मका वाळाय लागलीया. मघाशी खोटं बोललीस न्हवं? बटन हाय?”

शोभानं मान खाली घातली. “हाय.”

“मग घी की बापाला चार घरं वर.”

शोभाच्या डोळ्यात पाणी आलं.

“न्हाय दाबणार, तात्या.”

तात्यांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि जिना उतरले. शोभानं यादी छापायला लावली आणि जेवणाचा डबा पिशवीत भरायला घेतला. साहेबांनी मला ढकललं, “जा, पाया पड त्यांच्या!”

मी धावत खाली गेलो. चहाच्या टपरीवर माणसं गोळा झाली होती आणि मधोमध तात्या मिशीला पीळ देत उभे होते.

“चेअरमनला न्हाय म्हणली! आन मग मला, सख्ख्या बापाला, तोंडावर न्हाय म्हणली!”

मला बघितल्यावर ते टपरीवाल्याकडं वळले.

“वर च्या पाठीव रं चार. पयला शोभीला. बाकीच्यास्नी नंबरानं!”