काळजीवाहू

युरोपातल्या एका छोट्या देशाच्या व्यापार कार्यालयात, दुबईला, मी सहा वर्षं नोकरी केली. त्या देशात मी कधी पाऊल ठेवलं नाही. तरी तिथलं सरकार पडलं त्या सकाळी कराराचा कागद काढून बसले ती मी. नवऱ्याची नोकरी गेलेली, त्याचा आणि लेकीचा व्हिसा माझ्या नोकरीवर, आणि माझा करार दोन महिन्यांत संपणार.

तिकडून आलेले साहेब मुदत संपवून परत चालले होते. टेबल आवरता आवरता म्हणाले, "काळजीवाहू सरकारला नवा करार करता येत नाही. जुनाच महिन्या-महिन्याने वाढवतील." त्यांच्या जागी माणूस पाठवायलाही मंत्र्याची सही लागते. आमच्या खात्याला मंत्रीच उरला नव्हता. कार्यालयात मी एकटी उरले.

निवडणूक झाली. सात पक्ष, बहुमत कोणालाच नाही. शारजाच्या घरून निघाले की ट्रॅफिकमध्ये दीड तास मी त्यांच्याच बातम्या वाचायचे. हा त्याच्याशी बोलत नाही, ती याच्या शेजारी बसत नाही. एक आघाडी जुळली, ती शपथेआधीच मोडली. लग्नात रुसलेले व्याहीसुद्धा इतके ताणत नाहीत. मेल्यांनो, बसा ना एकदाचे, असं मी गाडीत मोठ्यानं म्हणायचे.

भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटायची. सरकार नव्हतं, तरी सगळं बिनबोभाट चाललं होतं. दर एक तारखेला सकाळी आठच्या ठोक्याला मंत्रालयाचा मेल यायचा: करार एक महिना वाढवला आहे. खाली शिक्का, पद, आणि नावाच्या जागी कोरी रेघ. ही पत्रं कोण पाठवतंय असं विचारलं, तर उत्तर यायचं, त्या पदावर सध्या कोणी नाही.

सोमवारची व्हिडिओ मीटिंगही आपोआप सुरू व्हायची. पडद्यावर मंत्रालयातलं लांब टेबल आणि बारा रिकाम्या खुर्च्या. मी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे आणि पंधरा मिनिटं हात मांडीवर घेऊन बसायचे. एका सोमवारी टेबलावर पाण्याचा ग्लास दिसला, अर्धा प्यायलेला. पुढच्या सोमवारी तो रिकामा होता. घरी येऊन मी ते सांगितलं.

"आई, नोबडी इज देअर. जस्ट डोन्ट जॉइन," लेक म्हणाली.

"आणि कोणी बघत असलं तर?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

पुण्यातल्या मतदानाला मी आळसानं कधी गेले नव्हते. आता या परक्या सात पक्षांसाठी देवापुढे साखर ठेवायला लागले. अकराव्या महिन्यात सरकार झालं. मी शेजारच्या ऑफिसात पेढे वाटले. "मुबारक हो मॅडम, आपका सरकार आ गया," खालचा वॉचमन म्हणाला.

त्या सोमवारी पडदा उजळला तेव्हा बाराही खुर्च्या भरलेल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. मधल्या बाईंनी माझं नाव अगदी अचूक उच्चारलं आणि फार नम्रपणे सांगितलं, की खर्च कमी करायला नव्या मंत्र्यांनी पहिली सही दुबईचं कार्यालय बंद करण्यावर केली आहे. अकरा महिने मला काढून टाकायलाही तिथे कोणी नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

संध्याकाळी नवऱ्यानं दार उघडलं ते विचारतच, "यल्ला, चल, सांग पटकन, झाली सही?"

"झाली," मी म्हटलं.