ढवळ्याला सांगणारा गाडीवान

पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी बायकोला पुण्याच्या घरातून उठवून इथे आणलं. तिच्याकडे बघायची मला चोरी झाली होती. स्टेशनवरून सामान आणणारा रहाटणीचा गाडीवान माणसांशी फारसा बोलत नसे. सगळं जोडीतल्या ढवळ्या बैलाला सांगे.

नव्या घरासमोरचा बोडका माळ पाहून ती म्हणाली, "मी उद्याच परत जाते."

"ऐकलंस का ढवळ्या?" गाडीवान बैलाला म्हणाला. "ट्रंका गाडीतच ऱ्हाऊ दे. सकाळी वैनी म्हनल्या, तर टेसनावर सोडू."

गाडी आमच्या दारात ठेवून तो बैलांसह चालत घरी गेला. तिला अशी मोकळीक द्यावी, हे मला सुचलं नव्हतं.

सकाळी तिनेच ट्रंका उतरवून घेतल्या.

पुढे कित्येक वर्षं तो येताजाता दारात थांबे. "ढवळ्या, वैनी कदी निघत्यात, इचार की."

बैलापुढे भाकरी धरून ती हसत सांगे, "उद्या रे, ढवळ्या."