सलीमभाईंचा फोटो सरकत येतो

कोड लिहिणाऱ्या दोस्तांनो, आज मी एक ओळ खोडली, तिची गोष्ट सांगतो.

दारव्ह्याजवळच्या एका जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची, वेबसाईट मीच बनवली होती. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् जिनिंग बंद पडली. सकाळी मालकाचा फोन आला, "आजच्या आज वेबसाईट काढून टाक."

तिथले फिटर सलीमभाई गेल्या महिन्यात अचानक वारले. पहिल्याच पानावर त्यांचा हसरा फोटो आहे. स्क्रिप्टनं तो डावीकडून सरकत येतो, मधात थांबतो अन् उजवीकडे निघून जातो. बनवला तेव्हा मले लई भारी वाटलं होतं.

दुपारी त्यांची बायको, शबानाभाभी, माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली. "भाऊ, वेबसाईट बंद होऊन राह्यली म्हणतात. ह्यांचा फोटो एकदा दाखवता काय?"

फोटो आला, थांबला, गेला.

"जातात काहून? जाऊ नका देऊ न!"

मी कोडमधली, फोटो निघून जायची ओळ खोडली. आता फोटो येतो अन् मधातच थांबतो. पान रिफ्रेश केलं की पुन्हा येतो. "अजून एक डाव आणा," भाभी म्हणत राहिली अन् मी रिफ्रेश करत राहिलो.

शेवटी मी म्हटलं, "भाभी, फोटो मोबाईलमध्ये टाकून देतो."

"त्यात नुसते उभे राहतील, भाऊ. इथं येऊन राह्यले."

मालक फोनवर फोन करतोय. साईट अजून चालूच आहे. सांगा, तुमच्यानं काढणं झालं असतं काय?