डाव्या बाजूचा सायकलवाला

रिटायर झाल्यावर कॅरॅव्हॅन घ्यायची, हे आमच्या ह्यांनी एकट्यानेच ठरवलं होतं. मला कळलं ते थेट कॅरॅव्हॅन दारात उभी राहिल्यावर. जुनी, चार जणांची, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची. आत एवढंसं किचन, त्याहून एवढासा संडास, आणि रात्री सोफ्याच्या फळ्या सरकवून करायचा पलंग. "आता आपण मोकळे," हे म्हणाले. तीसेक वर्षं ह्यांनी कॉव्हेंट्रीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काढली आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. मोकळं होणं म्हणजे सकाळी उशिरा उठणं, दुपारी बागेत खुर्ची टाकून बसणं, एवढीच माझी कल्पना होती. ह्यांची कल्पना वेगळी होती हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर आम्ही खूप फिरलो, हे खरं आहे. किल्ले पाहिले, पडकी चर्च पाहिली, स्वयंसेवकांनी चालवलेल्या आगगाड्यांत बसलो. पण दर वेळी साइटवर, म्हणजे कॅरॅव्हॅन लावायच्या तळावर, ती आपल्या जागेत मागे घेताना भांडण ठरलेलं. मी मागे उभी राहून हात हलवायचे, हे आरशात बघून भलतीकडेच वळवायचे, आणि चूक माझी निघायची. पिठलं केलं तर खिडक्या उघडायच्या, कारण गादीला वास लागतो. पाण्याची टाकी भरायची, संडासाची कॅसेट, म्हणजे खालचा मैल्याचा डबा, रिकामी करायची. घरी निदान ही कामं दिसत तरी नाहीत.

मी तक्रार करायचे, पण जायचे. कारण एकच, मुलगी. ती क्रॉयडनला राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट, ती, जावई आणि आठ वर्षांची नात. आम्ही गेलो की हॉलमधला सोफा-बेड उघडायचा, मग नातीला टीव्ही बघता यायचा नाही, जावयाला घरून काम करता यायचं नाही. कॅरॅव्हॅन आल्यापासून आम्ही क्रॉयडनपासून अर्ध्या-पाऊण तासावर एका साइटवर राहायचो आणि भेटायला जायचो. कोणाला अडचण नाही. भेटी मात्र कमी व्हायला लागल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. जवळ असूनही अपॉइंटमेंट घ्यावी लागायची.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत मुलीनेच फोन केला. "आई, तिला शाळेत प्रोजेक्ट आहे, जुन्या मिल्सवर. तुमच्या साइटजवळ ती वॉटरमिल आहे ना? शनिवारी आपण सगळे जाऊ. प्रॉमिस." मी बेसनाचे लाडू केले, नातीसाठी वही-पेन्सिली घेतल्या. गुरुवारी निघालो.

मोटरवेवर दोनदा मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आमची गाडी हळूहळू डावीकडे, कडेच्या पट्टीवर चालली होती.

"अहो, डावीकडे जाताय."

"वारा आहे. कॅरॅव्हॅनला वारा लागतो."

झाडाचं पानही हलत नव्हतं. पण गाडी चालवणाऱ्याशी मोटरवेवर कोण वाद घालणार? साइटवर पोचल्यावर कॅरॅव्हॅन मागे घेताना ह्यांनी डाव्या कोपऱ्याने पाण्याच्या नळाचा खांब वाकवला. साइटचा वॉर्डन धावत आला. हे खाली उतरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तू नीट सांगितलं नाहीस." वॉर्डनच्या समोर! मराठीत बोलले म्हणून काय झालं, त्याला सूर कळला असणारच. मी कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ह्यांच्यासाठी कप काढला नाही.

शुक्रवारी रात्री मुलीचा मेसेज आला, जावयाला जमणार नाही. शनिवारी आम्ही चक्कीवर पोचल्यावर दुसरा, दहाला नाही, अकराला. मग तिसरा, ट्रॅफिक. त्या दोघी पाणचक्कीवर पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता, आणि चक्की दोनला बंद होणार होती. आम्ही तोवर तीन तास कारपार्कमध्ये बसलो होतो. मी लाडवांचा डबा मांडीवरून एकदाही खाली ठेवला नव्हता, आणि त्याचा मलाच राग येत होता.

नात मात्र धावत आली. "आजी, तू किती वेळ आला?" असं काहीतरी म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, आणि ते दुरुस्त करावंसं मला कधी वाटत नाही.

आत पिठाने पांढरा झालेला एप्रन घातलेला एक म्हातारा स्वयंसेवक होता. त्याने चक्कीचे दगड दाखवले, त्यांवरच्या खाचा दाखवल्या. त्या खाचा झिजल्या की दगड पीठ करत नाही, नुसतं भरडतो. मग पूर्वी गावोगाव फिरणारे कारागीर येऊन छिन्नीने त्या पुन्हा पाडत. मी एकदम म्हणाले, "आमच्याकडे पण!" साताऱ्याला आमच्या गल्लीत एक बाई यायची, डोक्यावर पाटी, पाटीत छिन्नी-हातोडी. 'टाकीऽऽ' अशी हाक द्यायची. आई जातं अंगणात काढून द्यायची आणि ती बाई त्याला टाकी लावायची. टक् टक् टक्. मी तिच्या शेजारी बसून राहायचे. हे मला त्या माणसाला सांगायचं होतं, त्याहून जास्त नातीला सांगायचं होतं. पण तो ठरलेलं भाषण संपवायच्या घाईत होता. "हाउ लव्हली," म्हणाला आणि पुढच्या चाकाकडे वळला. मुलगी दारात फोनवर होती. ऑफिसचा फोन, शनिवारी. नातीने वहीत चाकाचं चित्र काढलं आणि दोन वाजता घंटा झाली.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, मला एक कॉल घ्यावाच लागणार. तुम्ही हिला कॅरॅव्हॅनमध्ये नेता का? मी कॅफेत बसून कॉल संपवते आणि चारला येते. बाबा, तिची बूस्टर सीट तुमच्या गाडीत टाकते."

"तू जेवशील तरी?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

म्हणजे तेवढ्यासाठी आम्ही कॉव्हेंट्रीहून आलो होतो. पण नातीसमोर काय बोलणार? कॅरॅव्हॅन साइटवरच होती, आमच्याबरोबर नुसती गाडी होती. नातीला आजी शेजारी हवी होती, म्हणून मी मागे बसले, ती डावीकडे, मी उजवीकडे. तिला मी टाकीवाल्या बाईची गोष्ट सांगायला लागले.

साइटच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळायचं होतं. ह्यांनी इंडिकेटर दिला, आणि वळवली. त्याच क्षणी नात ओरडली. करकच्चून ब्रेक लागला. खिडकीवर धाडकन हात आपटला. बाहेर एक सायकलवाला, चाळिशीचा, पिवळं जाकीट, एक पाय जमिनीवर, चेहरा पांढराफटक. तो पडला नव्हता. वीतभर अंतराने वाचला होता. तो काय काय बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, "मी केव्हापासून तुमच्या बाजूलाच होतो!" आणि निघून गेला.

मग नात म्हणाली, "आजोबा, तो तिथेच होती. तू बघितलं नाही?"

मला वाटलं, आता हे वाऱ्याला दोष देतील, नाहीतर सायकलवाल्याला. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

"नाही दिसला," हे म्हणाले.

मी खाली उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "किल्ली द्या." त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

साइटवर नातीला लाडू देऊन चित्र रंगवायला बसवलं आणि मी ह्यांना बाहेर खुर्चीवर बसवून विचारलं. मग एकेक बाहेर आलं. मार्चमध्ये चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. तिथल्या मुलीने मशीनमध्ये ठिपके दाखवले, दिसला की बटण दाबा म्हणून. बरेच दिसले नाहीत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदूची शंका आहे, हॉस्पिटलमध्ये जा, असं तिने सांगितलं. हॉस्पिटलचं पत्रही आलं. ह्यांनी तारीख पुढे ढकलली. एकदा नाही, दोनदा.

"पत्र कुठंय?"

"कॅरॅव्हॅनच्या माहितीपुस्तकात."

ते पुस्तक मी कधी उघडणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"मी जन्मभर हॉस्पिटलात काम केलं हो," मी म्हणाले. "लोकांचे रिपोर्ट वेळेवर जावेत म्हणून जेवण टाकून उभी राहिले. आणि माझ्याच घरात तुम्ही पत्र लपवता?"

"सांगितलं असतं तर तू लगेच लायसन्सवाल्यांना कळवायला लावलं असतंस."

"मग? कळवायचंच असतं ते!"

"मग हे सगळं संपलं असतं." त्यांनी कॅरॅव्हॅनकडे हात केला. मला रडूही येईना, इतका संताप झाला होता. ती पोर गाडीत होती. तो माणूस कोणाचा तरी बाप असेल. आणि ह्यांना काय संपण्याची काळजी होती, तर या पत्र्याच्या खोलीची.

मुलगी पावणेपाचला आली. नातीने पहिल्या वाक्यातच सगळं सांगून टाकलं. मुलगी आपल्या बापावर इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "बाबा, विकून टाका ती. कॅन यू इमॅजिन, ती गाडीत होती!" तिचं बरोबर होतं. तरी मला तिचाही राग आला. तीन तास कारपार्कमध्ये बसलो होतो, तेव्हा ही कुठे होती? मी ते बोलले नाही. बोलले असते तर ती दोन महिने आली नसती. चहा न घेताच ती पोरीला घेऊन गेली. लाडवांचा डबा मी खिडकीतून आत सरकवला.

सोमवारी घरी परतायचं होतं. कॅरॅव्हॅन ओढायला कोण? माझं लायसन्स इतकं जुनं की मला परवानगी होती. मी कधी ओढली नव्हती एवढंच. शेजारच्या जागेवर एकटी राहणारी एक इंग्लिश बाई होती, माझ्याहून मोठी. तिने जोडणी तपासून दिली आणि सांगितलं, "वळताना वाटतं त्यापेक्षा मोठं वळ. आणि घाई असलेल्यांना जाऊ दे." एवढ्या शिदोरीवर मी निघाले.

काटा पन्नास मैलांच्या पुढे जाऊ दिला नाही. लॉऱ्या शेजारून जाताना सगळं लटपटायचं. हे शेजारी बसले होते, मांडीवर हात ठेवून, पहिल्यांदाच त्या सीटवर. तासाभराने हळूच म्हणाले, "थोडी डावीकडे घे."

"डावीकडचं तुम्ही मला सांगू नका," मी म्हणाले.

ते पुढे कॉव्हेंट्रीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. वाटेत सर्व्हिसेसच्या थांब्यावर मी गाडी थांबवली तेव्हा चहाही नको म्हणाले. माझं चुकलं, हे मला बोलल्या बोलल्याच कळलं होतं. पण तेव्हा लॉऱ्या होत्या, आणि माफी मागायला माझे हात मोकळे नव्हते. नंतरही मी मागितली नाही.

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात डॉक्टरिणीने तपासलं. डाव्या बाजूचं बरंच गेलं आहे, परत येणार नाही. उरलेलं टिकवायला सकाळ-संध्याकाळ थेंब. सहा महिने आधी आला असतात तर, असं डॉक्टरीण अर्धंच बोलली आणि थांबली. लायसन्स परत पाठवण्याचा लिफाफा मीच पोस्टात टाकला. आता रोज थेंब घालताना ह्यांचा डोळा मिटतो, थेंब गालावरून ओघळतो आणि आमची नव्याने भांडणं होतात.

मुलगी दर रविवारी फोनवर विचारते, "विकली का कॅरॅव्हॅन?" मी म्हणते, बघतोय. कॅरॅव्हॅन गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात भाड्याने उभी आहे, छपरावर शेवाळ धरलंय.

आणि गेल्या आठवड्यात मला ईमेल आली. जूनमध्ये वेल्सला, एका जुन्या स्लेटच्या खाणीजवळच्या साइटवर पाच रात्रींचं बुकिंग. ड्रायव्हर म्हणून माझं नाव. ह्यांनी मला न विचारता केलं होतं, पुन्हा! मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी मी थेंब घालताना हे म्हणाले, "नातीला पण नेऊ या. तिची आई कॉल घेत बसली तरी चालेल." मी दुसऱ्या डोळ्यात थेंब घातला.

बुकिंग अजून कॅन्सल केलेलं नाही. त्या साइटकडे जाणारा रस्ता किती अरुंद आहे ते मात्र मी काल कॉम्प्युटरवर पाहिलं. बराच अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी भिंती.